उग्र वास म्हणजे स्वच्छता नव्हे

वृद्धाश्रमातल्या सामायिक बाथरूमबद्दल एक समज पक्का बसलाय: जंतुनाशकाचा उग्र वास आला, की जागा स्वच्छ. वासावरून जंतू मेले की नाही, ते कळत नाही. मळावरच ओतलं तर जंतुनाशकाचा जोर मळातच जिरतो. म्हणून आधी साबणाच्या पाण्यानं घासायचं, मग जंतुनाशक लावून बाटलीवर लिहिलेली मिनिटं जागा ओली राहू द्यायची. लगेच पुसलं, की मेहनत वाया. आणि सगळे कमोड घासत बसतात. पण आधाराचा दांडा, नळ, फ्लशचं बटण? थरथरते हात तिथंच घट्ट धरतात. जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, तर अल्कोहोलच्या सॅनिटायझरनंही मरत नाहीत. तिथं हात साबण-पाण्यानंच धुवायचे. ब्लीचमध्ये अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर मात्र कधीच मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.