दोन ग्राफिक्स कार्डांच्या पीसीला पॉवर सप्लाय घ्यायच्या आधी हे वाचून घ्या

आमच्याकडं गेमिंग पीसी बांधून घ्यायला येणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे, त्यातल्या त्यात एकाच मशीनमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं टाकायची आहेत त्यांच्यासाठी. बेळगावातनं येतात, खानापूर, निपाणी, चिकोडीकडनं सुद्धा येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "किती वॅटचा एसएमपीएस टाकू ओ?" (एसएमपीएस म्हणजेच पीसीचा पॉवर सप्लाय.) आकडा सांगायला दोन मिनिटं लागत नाहीत, पण दोन कार्डांचं मशीन वॅट कमी पडले म्हणून बंद पडतंय असं कमीच बघायला मिळतंय, जास्त करून करंट कुठल्या केबलीतनं, कुठल्या प्लगातनं आणि कसल्या अर्थिंगवर येतोय त्यात घोळ असतोय. तेवढं घरी बघून मग दुकानात आला तर तुमचे पैसे वाचतात आणि कार्ड पण वाचतंय.

दोन कार्डं खरंच पाहिजेत का

नुसते गेम खेळायचे असतील तर आम्ही स्पष्ट सांगतो, दुसरं कार्ड घेऊ नका, त्याच पैशात एकच मोठं घ्या. पूर्वी दोन कार्डांना ब्रिज लावून गेममध्ये फ्रेम वाढायच्या, एनव्हिडियाचं एसएलआय आणि एएमडीचं क्रॉसफायर म्हणून ते होतं, पण १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियानं आरटीएक्स २० आणि त्याच्या आधीच्या कार्डांसाठी नवीन एसएलआय प्रोफाइल काढायचं बंद केलं, आणि घरगुती कार्डांत ब्रिजचा कनेक्टर असलेली शेवटची कार्डं म्हणजे आरटीएक्स ३०९० आणि ३०९० टीआय. ४० च्या सिरीजपासून तो कनेक्टरच नाही. नवीन गेम दुसऱ्या कार्डाकडं बघत पण नाहीत.

मग दोन कार्डं कुणाला उपयोगी पडतात, तर ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये रेंडर (म्हणजे तयार चित्र, व्हिडिओ) काढणाऱ्यांना, घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणाऱ्यांना (इंजिनिअरिंगची पोरं आता यासाठीच जास्त विचारायलेत), आणि एका कार्डावर गेम चालवून दुसऱ्यावर स्ट्रीमिंगचं एन्कोडिंग टाकणाऱ्यांना. लॉसलेस स्केलिंग नावाच्या प्रोग्रॅममध्ये जादा फ्रेम तयार करायचं काम दुसऱ्या कार्डावर टाकता येतंय, त्यासाठी पण काहीजण घरातलं जुनं कार्ड परत बसवतात. यातलं काही करणार असाल तर पुढचं वाचा.

हिशोब

हिशोब अवघड नाही. दोन्ही कार्डांचे वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त किती ओढतोय ते, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी, फॅन असं सगळं मिळून १०० वॅट धरा. आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं कार्ड आहे, दोन म्हणजे ३४०, बरोबर रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर असेल तर त्याच्या खोक्यावर १०५ लिहिलंय पण तो १४२ पर्यंत जातोय, म्हणजे बेरीज झाली ५८२. याला ७५० चा चांगला एसएमपीएस चालतोय, ८५० चा घेतला तर निवांत.

आता दोन ३०९० घ्या. ३५० आणि ३५० म्हणजे सातशे, कोअर आय७ १३७००के प्रोसेसर फुल लोडला २५३ घेतोय, वरचे शंभर, एकूण १०५३. इथं हजारचा एसएमपीएस घेऊन भागवूया म्हणणारे भेटतात, आम्ही देत नाही. १३०० च्या खाली जाऊ नका, किंवा मग दोन्ही कार्डांची पॉवर लिमिट सॉफ्टवेअरमधनं २८० वॅटवर आणा, बेरीज ९१३ होते आणि १२०० मध्ये काम भागतंय. रेंडरचा वेग त्यानं थोडासाच कमी होतो आणि खोलीतली गरमी बरीच कमी होते, त्यामुळं आम्ही हाच मार्ग जास्त सांगतो. दोन ५०९० कुणी विचारलं तर एकेक कार्डच ५७५ वॅटचं आहे, नुसत्या कार्डांचेच ११५० झाले, तिथं १६०० चा एसएमपीएस आणि घरात वेगळी वायर ओढणं हे दोन्ही आलंच.

बेरीज जमली तरी मशीन मधीच का बंद पडतं

कार्ड कायम तेवढेच वॅट ओढत नाही. गेममध्ये सीन बदलला, रेंडरची नवीन फ्रेम सुरू झाली की ३५० वॅटचं कार्ड क्षणभर पाचशेच्या पुढं उडी मारतंय. विहिरीवरची मोटर चालू केली की घरातला बल्ब एकदम मंद होऊन परत येतो बघा, तसाच झटका आत एसएमपीएसला बसतोय, आणि कार्डं दोन असली की दोघांची उडी एकाच वेळी पण पडू शकते. एसएमपीएसची प्रोटेक्शन सर्किट त्याला शॉर्ट समजून सगळं बंद करते. स्क्रीन काळी, फॅन थांबला, एरर नाही काही नाही.

यासाठीच २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे स्टँडर्ड आलं. त्याप्रमाणं बनवलेल्या मोठ्या एसएमपीएसला आपल्या क्षमतेच्या दुप्पट लोड सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता सोसता आला पाहिजे. आता ३.१ पण आलंय. दोन कार्डांसाठी नवीन घेताना खोक्यावर यातलं एक लिहिलेलं बघूनच घ्या, आमचा यावर जोर आहे, शंभर वॅट कमी असला तर एक वेळ चालेल पण जुन्या डिझाइनचा नको.

चिकोडीकडच्या एका ग्राहकाचं मशीन असंच बंद पडायचं. एसएमपीएस चांगल्या कंपनीचा, वॅट भरपूर, दुसरीकडं दाखवून झालं होतं आणि कार्ड खराब आहे असं सांगून त्यांना घाबरवलेलं. उघडून बघितलं तर १२ व्होल्टचे चार वेगवेगळे रेल (म्हणजे करंटची मर्यादा वेगवेगळी असलेल्या लाईनी) होते आणि दोन्ही कार्डांच्या केबली एकाच रेलच्या सॉकेटात. बाकीचे रेल मोकळे. एका कार्डाच्या केबली काढून बाजूच्या सॉकेटात घातल्या, तेवढंच केलं, नंतर रात्रभर रेंडर लावलं तरी बंद पडलं नाही. म्हणून बाजूचं लेबल वाचायची सवय लावा. १२ व्होल्टच्या रकान्याखाली अँपिअर लिहिलेले असतात, त्याला १२ नं गुणा. ७०.८ अँप असेल तर ८५० वॅट, म्हणजे सगळी ताकद कामाच्या, १२ व्होल्टच्या लाईनवर आहे. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या ४५० वॅटवाल्यावर १२ व्होल्टला १६ अँप लिहिलेलं असलं की ती १९२ वॅट झाली, बाकी आकडा नुसता स्टिकर.

८० प्लस गोल्ड, ब्रॉन्झ हे विचारतातच म्हणून सांगतो. तो शिक्का वीज किती वाया जाते त्याचा आहे, सेफ्टीचा नाही. सहाशे वॅट लोडला ब्रॉन्झ आणि गोल्डमध्ये साधारण ४० वॅटचा फरक, रोज पाच तास चालवलं तर महिन्याला ६ युनिट. तेवढ्यासाठी गोल्ड घ्या म्हणणार नाही, पण १००० च्या वरचे चांगल्या बनावटीचे एसएमपीएस बहुतेक गोल्ड किंवा त्याच्या वरच्याच लायनीत मिळतात आणि वॉरंटी ७ किंवा १० वर्षांची असते, म्हणून घ्या.

केबली

८ पिनी कनेक्टरला १५० वॅट, ६ पिनीला ७५ आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधनं जास्तीत जास्त ७५ हे ठरलेलं आहे. एका केबलीला शेवटी दोन डोकी असतात, ती दोन्ही एकाच मोठ्या कार्डाला लावायची नाहीत, कार्डावर ८ पिनीचे दोन सॉकेट असतील तर दोन स्वतंत्र केबली एसएमपीएसपर्यंत गेल्या पाहिजेत. साटाच्या (हार्ड डिस्क, एसएसडीच्या) कनेक्टरातनं कार्डाला पॉवर देणारे जे स्वस्त कन्व्हर्टर मिळतात ते आम्ही दुकानात ठेवतच नाही, साटाचा कनेक्टर ५४ वॅटपुरता आहे, त्यावर कार्ड चालवलं की प्लास्टिक वितळतं. नवीन १६ पिनी कनेक्टर पूर्ण आत बसला पाहिजे, जरा पण फट दिसायला नको, आणि कनेक्टरपासून साडेतीन सेंटीमीटरपर्यंत केबल वाकवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्याला लावू नका. डोकं बसतंय म्हणजे चालतंय असं नाही, एसएमपीएसकडच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत पण वेगळी असू शकते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की एसएसडी आणि त्यातला सगळा डेटा गेला, ते परत मिळवून देणं आमच्या हातात नसतंय.

दोन कार्डं स्लॉटातनं मिळून दीडशे वॅटपर्यंत ओढू शकतात आणि ते सगळं मदरबोर्डच्या २४ पिनी कनेक्टरातल्या १२ व्होल्टच्या दोनच पिनांतनं जातंय. म्हणून काही मदरबोर्डवर स्लॉटजवळ जादा ६ पिनी किंवा ८ पिनी सॉकेट दिलेला असतो, तो असेल तर रिकामा सोडू नका. जुनं मशीन असेल तर २४ पिनी कनेक्टर काढून पिवळ्या वायरींच्या पिना तपकिरी झाल्यात का बघा.

घरातला प्लग आणि अर्थिंग

हे कुणी विचारत नाही आणि आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. वरच्या दोन ३०९० च्या मशीनला १०५३ वॅट आत पाहिजेत, म्हणजे भिंतीतनं साधारण ११७० ओढले जातात. २३० व्होल्टला ते ५ अँपच्या थोडं वर झालं, अजून मॉनिटर धरला नाही. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं की एसएमपीएस तेवढेच वॅट काढायला करंट वाढवतोय आणि तुम्ही ६ अँपच्या पुढं गेलात. साधा छोटा प्लग ६ अँपचा असतोय, त्यात एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला मॉनिटर, राऊटर, मोबाइलचा चार्जर, मग बोर्डाची पिन गरम होते आणि वास येतो तेव्हा कळतंय. हजारच्या वरचा एसएमपीएस असेल तर गिझरला असतो तसला १६ अँपचा पॉइंट टेबलाजवळ काढून घ्या, वायर अडीच स्क्वेअर एमएमची, आणि मशीन थेट त्याच्यात.

अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावला तर मंद पेटतो. तो एसएमपीएस खराब असल्यामुळं नाही, आतला फिल्टर थोडासा करंट अर्थला सोडत असतो आणि अर्थच जोडलेला नसला की तो पत्र्यावर बसून राहतो. गावाकडच्या जुन्या घरांत प्लगला तिसरं भोक दिसतंय पण मागं वायरच नसते, किंवा कुणीतरी न्यूट्रलच अर्थच्या पिनला जोडून ठेवलेला असतोय, हे तर जीवावरचं काम आहे, न्यूट्रल कुठं तुटला की सगळं कॅबिनेट लाइव्ह. ओळखीच्या चांगल्या वायरमनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, २-३ व्होल्टच्या आत पाहिजे. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर एप्रिल-मेमध्ये आपल्या लाल मातीत तो कोरडा पडतोय, पाणी घालत जावा. आणि वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की स्विच बंद करून थांबू नका, प्लगच काढा, इंटरनेटची केबल पण.

स्टॅबिलायझर घ्यायचा का म्हणून विचारतात. बहुतेक नवीन एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट घेतात, त्यांना तो लागत नाही. जुन्यावर मागं लाल स्विच असेल तर तो २३० वरच पाहिजे, ११५ वर गेला तर आवाज येऊन संपतोय. यूपीएसचं मात्र नीट ऐका. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ३६० वॅट, दोन कार्डांच्या मशीनला लाइट गेल्यावर तो सेव्ह करायला पण वेळ देणार नाही, ओव्हरलोडचा बीप वाजवून बंद. दोन ३०६० असतील तर दीड केव्हीए, त्याच्या वर दोन ते तीन, वॅट किती देतोय ते वेगळं विचारून, आणि प्युअर साइन वेव्हचाच. तो महाग पडतोय हे आम्हाला माहीत आहे, बजेट नसेल तर रेंडर दर थोड्या वेळानं सेव्ह होईल असं सेटिंग आम्ही करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

जुनं दुसरं कार्ड घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टो कमवायचं काम) बंद झालं तेव्हापासून वापरलेली कार्डं बाजारात भरपूर आहेत, बेंगळूरच्या एसपी रोडवरनं, पुण्याकडनं लोक घेऊन येतात. घ्यायला हरकत नाही, पण पॉवरच्या सॉकेटातली पिन जवळनं बघा, काळी पडली असेल किंवा प्लास्टिक फुगलं असेल तर सोडून द्या. मायनिंगच्या रिगमधला एसएमपीएस मात्र स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापलेला असतोय. दोन छोटे एसएमपीएस जोडून एक मशीन चालवायची आयडिया पण घरच्या पीसीला आम्ही करून देत नाही, एक आधी चालू झाला आणि दुसरा मागनं आला तर कार्ड मधीच लटकतंय.

येताना काय आणायचं

दोन्ही कार्डांचं मॉडेल, प्रोसेसर आणि मदरबोर्डचं नाव, आत्ताच्या एसएमपीएसच्या लेबलचा सरळ आणि जवळनं काढलेला फोटो, आणि ज्या प्लगला मशीन लावणार त्याचा फोटो. कॅबिनेट उघडता येत असेल तर दोन स्लॉटांमधलं अंतर पण मोजा, जाड कार्डं एकमेकाला चिकटली की वरच्याला हवाच मिळत नाही आणि कुठलाही एसएमपीएस घातला तरी ते तापणारच. जुना एसएमपीएस बदलायचा असेल तर केबली त्याच्याच बरोबर बांधून आणा, सुट्या पिशवीत नको.