माणशी पंधरा लिटर : निर्वासितांच्या छावणीतले आकडे कुठून आले

छावणीत काम करणाऱ्यांना काही आकडे पाठ असतात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. एका तोटीमागे जास्तीत जास्त २५० माणसे, हातपंपामागे ५००. संडास सुरुवातीच्या धावपळीत ५० जणांमागे एक, घडी बसली की २० जणांमागे एक. डोक्यावर छप्पर माणशी साडेतीन चौरस मीटर. दिवसाला २१०० किलोकॅलरी अन्न. आणि दहा हजार वस्तीत रोज एकाहून अधिक मृत्यू होऊ लागले की ती आणीबाणी समजायची. या आकड्यांच्या मागे आधी मेलेली माणसे आहेत, आणि त्यांतली बरीचशी वाचवता आली असती.

कायद्याची बाजू आधी थोडक्यात. १९५१च्या निर्वासितविषयक कराराने जीव धोक्यात येईल अशा ठिकाणी माणसाला परत ढकलायचे नाही, हे तत्त्व पक्के केले. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७च्या प्रोटोकॉलने, म्हणजे पूरक कराराने, ती अट काढली. देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे यायला १९९८ साल उजाडले. भारताने १९५१च्या करारावर आजही सही केलेली नाही. पण सीमा ओलांडून आलेला माणूस चौथ्या दिवशी जुलाबाने मरू नये म्हणून काय करायचे, हे करारात सापडत नाही. ते ज्ञान छावण्यांतूनच आले, आणि त्याचा एक मोठा धडा भारतात गिरवला गेला.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. सीमेलगतच्या बनगावला कॉलरा पसरला. रुग्णालयात खाटा संपल्या, रुग्ण जमिनीवर, सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिथे जलसंजीवनीवर भिस्त ठेवली : लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. मिश्रण कोलकात्यात मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचे आणि पिशवीचे तोंड गरम इस्त्रीने चिकटवायचे. बनगावला ते पिंपात कालवले जाई आणि तोटी सोडून कपाने नातेवाईकच रुग्णाला पाजत. यामागचे शास्त्र साधे आहे. कॉलऱ्यात आतड्याची नुसते मीठ शोषण्याची वाट बिघडते, पण ग्लुकोजसोबत सोडियम आत घेण्याची वाट शाबूत असते, आणि सोडियममागे पाणी जाते. तीन हजारांहून अधिक रुग्णांवर असे उपचार झाले आणि मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. त्याआधी ते ३० टक्क्यांच्या घरात होते. त्या मिश्रणात पोटॅशियम नव्हते, ते पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात आले. पण या कामाचा खरा वारसा म्हणजे औषध पाजायला डॉक्टर लागत नाही, आई पुरते, हे हजारो रुग्णांवर सिद्ध झाले.

एवढे माहीत असूनही २३ वर्षांनी गोमा घडले. ते वाचताना आजही जीव कासावीस होतो.

१४ ते १७ जुलै १९९४ या चार दिवसांत रवांडातून पाच ते आठ लाख माणसे तेव्हाच्या झाईरमधल्या (आताच्या काँगोतल्या) गोमा शहराच्या परिसरात शिरली. खाली ज्वालामुखीचा कडक खडक. त्यामुळे संडासाचा खड्डाही खणता येईना आणि कबरही. किवु सरोवर जवळ होते, पण त्याचे पाणी तसेच पिण्याजोगे नव्हते, आणि किबुम्बासारख्या छावणीला तर पाण्याचा स्रोतच नव्हता. सगळी भिस्त टँकरवर. पहिल्या आठवड्यात शुद्ध केलेले पाणी माणशी दिवसाला सरासरी २०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक पेला मिळाले. महिन्याभरात सुमारे ५० हजार माणसे गेली. आधी कॉलरा, मागोमाग औषधांना दाद न देणारी रक्ताची हगवण. दहा हजारांमागे रोज २० ते ३५ मृत्यू, म्हणजे आणीबाणीच्या रेषेच्या वीस-पस्तीस पट.

पाणी नव्हते हे खरे, पण उपचार केंद्रात पोचलेलेही मेले. एका केंद्रात एका दिवशी मृत्यूचे प्रमाण ४८ टक्क्यांवर गेले. ढाक्याच्या अतिसार संशोधन संस्थेचे पथक तिथे गेले होते; त्यांनी नोंदवलेली कारणे अशी : पाणी भरून काढण्याचा वेग फार कमी, जलसंजीवनीचा अपुरा वापर, चुकीचे सलाइन, आणि कॉलरा कधी न हाताळलेले कर्मचारी. वेग म्हणजे किती, ते पाहू. ५० किलोच्या गंभीर रुग्णाच्या अंगातले जवळपास ५ लिटर पाणी गेलेले असते. रिंगर लॅक्टेट हे क्षार असलेले सलाइन पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर आणि पुढच्या अडीच तासांत साडेतीन लिटर शिरेतून द्यावे लागते, आणि पिता येऊ लागताच तोंडाने जलसंजीवनी. थेंब-थेंब लावलेली बाटली इथे कामाची नाही. नुसते ग्लुकोजचे सलाइन तर मुळीच नाही, कारण त्याने गेलेले क्षार परत येत नाहीत.

गोमाने आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला पाण्याइतकीच महत्त्वाची वाटते. धान्य सुरुवातीला निर्वासितांच्या पुढाऱ्यांमार्फत वाटले गेले, आणि त्या पुढाऱ्यांत रवांडातल्या नरसंहाराला जबाबदार असलेलेही होते. छावण्यांवर त्यांचीच पकड होती. तीन-चार आठवड्यांनी पाच वर्षांखालच्या मुलांत तीव्र कुपोषण १८ ते २३ टक्के आढळले, आणि ज्या घराचा कारभार बाईवर होता तिथल्या मुलांना धोका अधिक होता. गोदामात धान्य येऊन भागत नाही. ते कोणाच्या हातून वाटले जाते यावर कोणाचे मूल जगते ते ठरते. रेशनकार्ड कुटुंबाच्या नावे, शक्यतो बाईच्या हाती, आणि वजन सगळ्यांसमोर, हे नियम त्यानंतर गांभीर्याने घेतले जाऊ लागले.

१९९६ साली रवांडातल्या मदतकार्याचे अनेक देशांनी मिळून केलेले मूल्यमापन प्रसिद्ध झाले. काही संस्थांच्या बेजबाबदार कामावर त्यात थेट ठपका होता. १९९७मध्ये स्वयंसेवी संस्था आणि रेडक्रॉस-रेड क्रिसेंट चळवळीने मदतकार्याची किमान मानके ठरवणारा ‘स्फिअर’ हा प्रकल्प सुरू केला, आणि सुरुवातीला दिलेले बहुतेक आकडे त्याच्याच पुस्तिकेतून सर्वत्र पोचले. १५ लिटरचा हिशेब असा : पिणे आणि खाणे मिळून अडीच-तीन लिटर, अंगाची स्वच्छता दोन ते सहा, स्वयंपाक तीन ते सहा. तोटीमागे २५० माणसे हे गणित तोटीतून मिनिटाला साडेसात लिटर येते असे धरून आहे. धार बारीक असेल तर नळकोंडाळी कितीही बांधा, रांग हटत नाही, आणि रांगेला कंटाळलेला माणूस ओढ्यावर जातो.

२०१७च्या ऑगस्टअखेरीपासून म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाजारला आले, तेव्हा पुस्तिका सगळ्यांच्या हाती होती. तरी तिथल्या कुतुपालोंग छावणीच्या विस्तारात माणशी जागा १०.७ चौरस मीटरच्या आसपास मिळाली. रस्ते, शाळा, संडास धरून मानक ४५ चौरस मीटरचे आहे. घाईत खणलेले उथळ खड्डे काही आठवड्यांत भरले. कित्येक संडास उथळ कूपनलिकांना खेटून होते, जिथे किमान ३० मीटर अंतर हवे आणि खड्ड्याचा तळ भूजलापेक्षा दीड मीटर वर हवा. टेकडीवर गाळ उपसणारी गाडी चढत नाही, हे खणताना लक्षात घेतले गेले नव्हते. ऑक्टोबरमध्ये कॉलऱ्याची तोंडावाटे द्यायची लस लाखो लोकांना दिली गेली आणि गोमाची पुनरावृत्ती झाली नाही.

तोटीशी शुद्ध असलेले पाणी झोपडीत बिघडते, कारण भांड्यात हात बुडतो. मलावीतल्या मोझांबिकी निर्वासितांच्या छावणीत झाकण आणि तोटी असलेल्या बादल्या दिल्यावर लहान मुलांच्या जुलाबात ३१ टक्के घट दिसली होती. म्हणूनच तोटीपाशी क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक आहे का हे पाहून थांबायचे नाही; घरातल्या कळशीतही तपासायचे.

कुतुपालोंगमध्ये बायका दिवसा पाणी आणि जेवण कमी घेत, कारण संडास पुरुषांच्या वाटेवर होते आणि रात्री तिकडे दिवा नव्हता. १५ लिटर घरात आले तरी ते तिच्या पोटात जाईना. आता बायकांसाठी तीन संडास तर पुरुषांसाठी एक असे प्रमाण धरतात, अंतर घरापासून ५० मीटरच्या आत, कडी आतून, वाटेवर उजेड. जागा ठरवण्याआधी बायकांना आणि मोठ्या मुलींना वेगळे बसवून विचारायचे असते. न विचारता बांधलेला संडास ओस पडतो आणि झोपडीच्या मागे, पाण्याच्या कळशीपासून दोन हातांवर, आडोसा करून नवा खड्डा खणला जातो.