अंधार पडला की दगड सोडायचा

जंगलातल्या ओढ्यात किडे वाहत जातात म्हटलं की लोकांना वाटतं पाण्याला ओढ असते, बिचारे करणार काय. पूर आला तर तसं होतंही, पण एरवी नाही. साध्या दिवशी ओढ्यात बारीक जाळी लावून ठेवा, दिवसभर जेमतेम काही सापडेल आणि अंधार पडला की तासाभरात मेफ्लाय या उडत्या कीटकाची पाण्यात वाढणारी पिल्लं, कोळंबीच्या नात्यातले गॅमारस यांची नुसती गर्दी. आता पाण्याचा वेग तर तोच आहे ना? १९६० च्या आसपास जपानमध्ये तनाका, अमेरिकेत वॉटर्स आणि स्वीडनमध्ये म्युलर, या तिन्ही संशोधकांना हेच दिसलं.

खरी गंमत उजेडाची आहे. बेटिस नावाच्या मेफ्लायचं पिल्लू सेंटिमीटरभरही नसतं, दिवसा बरंचसं दगडाखाली असतं, अंधारलं की वर येऊन शेवाळ खरवडतं आणि तिथलं खाणं संपलं किंवा एखादा शिकारी किडा जवळ आला की सरळ पकड सोडून देतं, थोडं वाहतं, मग पोहून पुढचा दगड धरतं. हे दिवसा केलं तर ट्राउट मासा टपलेलाच असतो, प्रवाहाकडे तोंड करून, आणि तो डोळ्यांनी शिकार करतो. म्हणून मोठी पिल्लं, जी पटकन दिसतात, ती जास्त करून रात्रीच सुटतात, बारकी दिवसाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात ज्या ओढ्यांत असे मासेच नाहीत तिथे मेफ्लायच्या वाहण्यात दिवस-रात्र असा फरक सापडला नाही! रात्री ओढ्यावर दिवा लावला की वाहणं कमी होतं, चांदण्यातही बऱ्याचदा तसंच. तेव्हा अमावास्येला ओढ्यात वळवळ वाढली तर ती काळोखामुळे, भुताखेतांना मध्ये आणू नका.

ओढ्यात झाडांवरून टपकून वाहणारे सुरवंट, मुंग्या हे वेगळंच खातं, पण छोटं नाही. जपानमधल्या होक्काइडो बेटावरच्या होरोनाई ओढ्यात माशांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेत ४४ टक्के वाटा जमिनीवरच्या अशा किड्यांचा निघाला.

पण रोज रात्री सगळे खालीच जात असतील तर ओढ्याचा उगम रिकामा का होत नाही? म्युलरने १९५४ मध्येच सुचवलं होतं की पंख फुटलेल्या माद्या वरच्या बाजूला उडत जाऊन अंडी घालतात. पुढे अलास्कात, जंगल नसलेल्या कुपारुक नदीत, नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचा जरा जड प्रकार, खुणेसाठी पाण्यात सोडून किड्यांच्या अंगात तो कुठे सापडतो ते बघितलं, तर बेटिसचे एक तृतीयांश ते निम्मे प्रौढ १.६ ते १.९ किलोमीटर वर उडून गेलेले. वॉटर्सचं म्हणणं वेगळं, की वर जागेपेक्षा पिल्लं जास्त होतात आणि वाहतात ती जास्तीची. मला दोन्ही थोडंथोडं पटतं, कारण एकट्या उडण्याने भागत नाही, गॅमारसला तर पंखच नाहीत, तो काठालगतच्या संथ पाण्यातून सरपटत, पोहत वर सरकतो.