अल्गोरिदम ऑडिट

संगणकीय प्रणालीने घेतलेल्या किंवा सुचवलेल्या निर्णयांचा माणसांवर काय परिणाम होतो, हे आखीव चाचण्या करून तपासण्याच्या पद्धतीला अल्गोरिदम ऑडिट म्हणतात. नोकरीचे अर्ज चाळणारे सॉफ्टवेअर, कर्जदाराला गुण देणारी प्रणाली, चेहरा ओळखणारा कॅमेरा, शोधयंत्र, जाहिरातींची वाटणी आणि अलीकडे भाषा-मॉडेल (प्रश्नाला मजकुरात उत्तर देणारी प्रणाली) यांची अशी तपासणी होते. ‘लेखापरीक्षण’ म्हटले की वह्या आणि पावत्या डोळ्यांसमोर येतात. येथे मात्र वह्या बहुधा हाती लागतच नाहीत. प्रणालीला काय दिले आणि तिने काय परत केले, एवढ्यावरूनच निष्कर्ष काढावा लागतो. रोजगार हमीच्या कामांमुळे रुळलेला ‘सामाजिक अंकेक्षण’ हा शब्द अर्थाने अधिक जवळचा आहे, कारण दोन्हींत प्रश्न एकच असतो: ज्यांच्यावर निर्णयाचा भार पडतो, त्यांच्या वाट्याला प्रत्यक्षात काय आले?

पूर्वपीठिका

संगणकाच्या आधीपासून समाजशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ ही रीत वापरत आले आहेत. अमेरिकेत घर भाड्याने मागायला एकसारखे उत्पन्न सांगणारी एक गोरी आणि एक कृष्णवर्णीय व्यक्ती लागोपाठ पाठवत आणि दोघांना मिळालेली उत्तरे ताडून पाहत. पुढे माणसांऐवजी कागद पाठवले जाऊ लागले. मॅरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लाइनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोमधील नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० अर्ज पाठवले. त्यांत गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण १० अर्जांमागे एक फोन आला, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला १५ अर्जांमागे एक (२००४).

भारतातील महत्त्वाचा प्रयोग सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा आहे. थोरात मूळचे अमरावती जिल्ह्यातील अर्थतज्ज्ञ, तर अटवेल न्यूयॉर्कमधील समाजशास्त्रज्ञ. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखीच ठेवून केवळ नावे बदलली होती: उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत प्रतिसाद मिळण्याचे शक्यता-गुणोत्तर (१ म्हणजे सारखी संधी, त्याहून कमी म्हणजे कमी संधी) दलित नावासाठी ०.६७, तर मुस्लिम नावासाठी ०.३३ निघाले (२००७). आज हेच अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचते. मोजण्याची रीत मात्र बदललेली नाही.

या परंपरेला संगणकीय प्रणालींशी जोडणारा आराखडा २०१४ मध्ये क्रिश्चन सँडविग, केविन हॅमिल्टन, कॅरी कॅराहॅलिओस आणि सेड्रिक लँगबोर्ट यांनी मांडला. चौघांपैकी एक संज्ञापनाचा, एक कलेचा, एक संगणकशास्त्राचा आणि एक अभियांत्रिकीचा अभ्यासक होता. हा योगायोग नव्हे. विषयच असा आहे की एका विभागाला पेलत नाही.

तपासणीचे मार्ग

त्या आराखड्यात पाच मार्ग आहेत. थेट कोड वाचणे हा पहिला आणि वाटतो त्यापेक्षा कमी उपयोगाचा, कारण उदाहरणांवरून शिकलेल्या मॉडेलमध्ये भेदभावाची ओळ कुठेही लिहिलेली नसते. कोडबरोबर प्रशिक्षणाचा विदाही (डेटा) मिळाला, तरच काही कळते. दुसरा मार्ग वापरकर्त्यांना त्यांचे अनुभव विचारण्याचा. तो स्वस्त असला तरी स्मरणावर विसंबून असतो. तिसरा स्क्रेपिंगचा, म्हणजे एकच विनंती वारंवार पाठवून उत्तरे साठवण्याचा. चौथ्यात बनावट खाती उघडतात आणि त्यांच्यात एकाच गुणाचा फरक ठेवतात. पाचव्यात खरे स्वयंसेवक आपल्या ब्राउझरमध्ये छोटे विस्तारक (जोड-प्रोग्राम) बसवून त्यांना दिसलेला मजकूर संशोधकांना देतात.

शेवटचे दोन मार्ग एकमेकांची उणीव भरून काढतात. बनावट खात्यामुळे कारण नेमके सांगता येते, पण त्याला ना भूतकाळ असतो ना मित्र, त्यामुळे प्रणाली त्याला खऱ्या माणसासारखे वागवेलच असे नाही. स्वयंसेवकांकडून खरे जग दिसते, पण तेथे एकाच वेळी शंभर गोष्टी बदलत असतात. चांगल्या प्रकल्पात दोन्ही असतात.

चाचणीची आखणी

सर्वांत जास्त वेळ प्रश्न ठरवण्यात जावा. ‘हा अल्गोरिदम पक्षपाती आहे का’ हा तपासण्याजोगा प्रश्नच नव्हे. ‘सारख्या पात्रतेच्या दोन अर्जांपैकी स्त्रीच्या नावाचा अर्ज पहिल्या दहांत येण्याचे प्रमाण कमी आहे का’ हा आहे. कोणाचे नुकसान, कोणत्या टप्प्यावर आणि कशाच्या तुलनेत, या तिन्हींची उत्तरे कागदावर आल्याशिवाय विदा गोळा करायला घेऊ नये. विश्लेषणाचा आराखडाही आधीच नोंदवून ठेवावा. पाच टक्के सार्थकतेच्या पातळीवर (म्हणजे फरक नसतानाही तो योगायोगाने दिसण्याची पाच टक्के शक्यता मान्य करून) वीस स्वतंत्र तुलना केल्या, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही किमान एक तुलना ‘सार्थक’ निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. मग तीच निवडून छापण्याचा मोह होतो.

नमुना किती हवा याचा अंदाज बहुतेक वेळा कमी पडतो. एका गटाला १० टक्के आणि दुसऱ्याला ६.५ टक्के प्रतिसाद मिळत असेल, तर हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात सुमारे ९७० अर्ज लागतात. तोच फरक १० विरुद्ध ८ टक्के असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ३,२००. दोनशे अर्ज पाठवून ‘भेदभाव आढळला नाही’ असे जाहीर करणे ही चूक आहे, आणि ती निरुपद्रवी नाही: अशा अहवालाचा आधार घेऊन प्रणाली पुढे रेटली जाते.

दुसरा मोठा शत्रू म्हणजे गोंगाट, म्हणजे आपण तपासत असलेल्या कारणाशी संबंध नसलेला फरक. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील गटाने २०१३ मध्ये शोधयंत्राचे वैयक्तिकीकरण (माणसागणिक निकाल बदलणे) मोजले तेव्हा घेतलेली काळजी आजही नमुन्यादाखल पाहावी. सर्व खात्यांनी तोच शब्द एकाच क्षणी शोधायचा, सर्वांच्या विनंत्या एकाच विदाकेंद्राकडे जातील अशी सोय करायची आणि आयपी पत्ते एकाच जाळ्यातील ठेवायचे. आधीच्या शोधाची छाप पुढच्या शोधावर साधारण १० मिनिटे राहते असे दिसल्यावर त्यांनी दोन शोधांमध्ये ११ मिनिटे थांबायचे ठरवले. सर्वांत मोलाची युक्ती जुळ्या खात्याची. दोन खाती सर्व बाबतींत सारखी ठेवायची. त्यांच्या निकालांत जो फरक दिसेल, तो गोंगाट. चाचणीच्या खात्यात त्याहून जास्त फरक दिसला, तरच तो वैयक्तिकीकरणाचा. असे करून सरासरी ११.७ टक्के निकालांत वैयक्तिकीकरणामुळे फरक पडतो, असे त्यांना आढळले. जुळे खाते न ठेवलेल्या ऑडिटवर विश्वास ठेवू नये.

भाषा-मॉडेलच्या बाबतीत हीच अडचण वेगळ्या रूपात येते. तोच प्रश्न दोनदा विचारला तरी उत्तर बदलते, म्हणून प्रत्येक प्रश्न अनेकदा विचारून उत्तरांचे वितरण पाहावे लागते. शब्दरचना थोडी बदलली तरी निकाल फिरतो, म्हणून एकाच आशयाच्या अनेक रचना लागतात. मॉडेल गुपचूप अद्ययावत होते, म्हणून आवृत्ती, तारीख, वेळ आणि सेटिंग प्रत्येक उत्तरासोबत साठवावे लागते. हे आधी केले नाही तर नंतर दुरुस्त करता येत नाही.

मोजपट्टीचा वाद

आकडे बरोबर असूनही दोन तज्ज्ञ विरुद्ध निष्कर्ष काढू शकतात. फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीत आरोपी पुन्हा गुन्हा करण्याचा धोका वर्तवणाऱ्या ‘कॉम्पास’ प्रणालीची तपासणी ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने २०१६ मध्ये ७,००० हून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरून केली. पुढे गुन्हा न केलेल्यांपैकी ज्यांना चुकीने जास्त धोक्याचे ठरवले गेले, त्यांचे प्रमाण कृष्णवर्णीयांत ४४.९ टक्के आणि गोऱ्यांत २३.५ टक्के होते. ही प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचे म्हणणे असे की, जास्त धोक्याचे ठरवलेल्यांपैकी प्रत्यक्षात गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे आहे. दोघेही आपापल्या मोजपट्टीने बरोबर होते. दोन गटांत घटनेचे मूळ प्रमाणच वेगळे असेल, तर या दोन्ही प्रकारची समानता एकाच वेळी साधता येत नाही, हे अलेक्झांड्रा चुल्डेकोव्हा यांनी, तसेच क्लाइनबर्ग, मुल्लाइनाथन आणि राघवन यांनी गणिताने दाखवले. कोणती चूक जास्त जाचक, निर्दोषाला डांबणे की धोका निसटणे, हे गणित सांगत नाही. त्यासाठी कायद्याचा आणि नीतिशास्त्राचा अभ्यासक चमूत पहिल्या दिवसापासून हवा. अहवाल लिहून झाल्यावर बोलावून भागत नाही.

याहून खोल चूक मोजायच्या गोष्टीतच दडलेली असू शकते. झियाद ओबरमायर हे पेशाने डॉक्टर. त्यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतील रुग्णालयांत वापरला जाणारा एक अल्गोरिदम तपासला (२०१९). विशेष देखभालीची गरज कोणाला आहे हे तो ठरवत असे, पण गरजेऐवजी पुढील खर्चाचा अंदाज बांधत असे. सारख्या आजारात कृष्णवर्णीय रुग्णांवर कमी खर्च होत आलेला असल्याने ते निरोगी ठरत. हा पेच सोडवल्यास जादा देखभालीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा हिशेब निघाला. प्रणालीत वंशाचा रकानाच नव्हता. ‘आम्ही जात विचारतच नाही’ हा खुलासा म्हणूनच पुरेसा मानता येत नाही.

गट कसे पाडायचे

अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठातील जॉय बुओलामविनी यांनी टिमनिट गेब्रू यांच्यासह २०१८ मध्ये चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. त्यासाठी रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, आइसलँड, फिनलंड आणि स्वीडन यांच्या संसदांतील १,२७० सदस्यांची छायाचित्रे घेतली. गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत चुकीचे प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले, उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत ते ०.८ टक्क्यापलीकडे गेले नाही. केवळ स्त्री-पुरुष किंवा केवळ वर्ण पाहिला असता तर हा फरक एवढा उघड झाला नसता. दोन्हींचा छेद घ्यावा लागला. वर्ण ठरवायला त्यांनी त्वचारोगशास्त्रातील सहा पायऱ्यांची फिट्झपॅट्रिक श्रेणी वापरली. ती मुळात ऊन लागल्यावर गोरी त्वचा किती भाजते यावरून आखलेली होती, गडद वर्णांच्या पायऱ्या नंतर जोडल्या गेल्या. पुढे हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी दहा छटांची श्रेणी तयार केली.

महाराष्ट्रात ऑडिट करायचे तर परदेशी साचा जसाच्या तसा उचलून चालत नाही. आडनाव जातीची खूण मानले जाते, पण जाधव, पवार, गायकवाड, मोरे, शिंदे, चव्हाण ही आडनावे अनेक जातींत आढळतात. ‘जाधव’ या नावावर आधारलेली चाचणी नेमके काय मोजते, हे सांगता येणार नाही. म्हणून नावांची यादी आधी शंभरेक स्थानिक वाचकांना दाखवून ‘या नावावरून काय वाटते’ असे विचारावे आणि ज्यांवर बहुतेकांचे एकमत होईल तीच नावे घ्यावीत. मधले नावही बोलते: विवाहित स्त्रीच्या अर्जात तेथे बहुधा पतीचे नाव येते, त्यामुळे नकळत वैवाहिक स्थितीही चाचणीत शिरते. मराठी क्रियापद तर लिंग लपवूच देत नाही. परिचयपत्रात ‘मी तीन वर्षे शिकवत होतो’ असे लिहिले आणि वर फक्त नाव बदलून ‘सविता’ केले, तर प्रणालीपुढे विसंगत मजकूर जातो आणि कमी गुण त्या विसंगतीचेही असू शकतात. नाव बदलताना ‘होतो’चे ‘होते’ करावे लागते, किंवा ‘तीन वर्षे अध्यापनाचा अनुभव’ अशी क्रियापदाविना रचना करावी लागते. इंग्रजीतील चाचणी यंत्राने भाषांतरित करून वापरल्यास येथेच सर्वांत आधी घात होतो. पुण्यातील ‘एलथ्रीक्यूब’ गटाने मराठी ट्वीटचे भावना आणि द्वेषमूलक मजकूर यांसाठी खुणा केलेले संच उपलब्ध केले आहेत. मजकूर गाळणाऱ्या प्रणाली तपासताना ते हाताशी असतात, मात्र मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी लेखनासाठी वेगळा नमुना गोळा करावा लागतो.

परवानगी आणि कायदा

बनावट खाते उघडणे बहुतेक संकेतस्थळांच्या अटींत बसत नाही. अमेरिकेत सँडविग आणि इतरांनी दाखल केलेल्या खटल्यात मार्च २०२० मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने केवळ अटींचा भंग हा संगणक-गैरवापर कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, असे म्हटले. तरी कंपनी खाते बंद करू शकते: ऑगस्ट २०२१ मध्ये फेसबुकने न्यूयॉर्क विद्यापीठाच्या राजकीय जाहिरातींवरील प्रकल्पातील संशोधकांची खाती बंद केली. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याच्या कलम ४० ने मोठ्या ऑनलाइन मंचांचा विदा पारखून घेतलेल्या संशोधकांना मिळण्याचा मार्ग काढला आहे. भारतात असा हक्क नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे. मात्र ठरवलेले निकष पाळावे लागतात आणि तो विदा त्या व्यक्तीविषयी निर्णय घ्यायला वापरता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ विनापरवानगी विदा उतरवून घेण्याला लागू होते, म्हणून स्क्रेपिंगआधी विद्यापीठाच्या नीतिसमितीबरोबर विधी विभागाचाही लेखी अभिप्राय घ्यावा. खोट्या अर्जांमुळे खऱ्या भरती-अधिकाऱ्याचा वेळ जातो. एका जाहिरातीला किती अर्ज पाठवायचे याला मर्यादा घालावी, आणि मुलाखतीचे बोलावणे आले तर लगेच नम्र नकार कळवावा.

अहवालानंतर

ऑडिटचा उपयोग ते जाहीर होण्यावर अवलंबून असतो. चेहरा-ओळखीच्या अभ्यासात नावे घेतलेल्या तिन्ही कंपन्यांनी पुढे चुका कमी केल्याचे २०१९ च्या फेरतपासणीत दिसले. त्याच वेळी प्रथमच तपासलेल्या दोन कंपन्यांच्या प्रणाली गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत अनुक्रमे ३१ आणि २२ टक्क्यांहून अधिक चुकत होत्या. कायद्याने सक्ती केल्यावरही तपासणी आपोआप होत नाही. भरतीच्या सॉफ्टवेअरचे वार्षिक ऑडिट बंधनकारक करणाऱ्या न्यूयॉर्क शहराच्या कायद्याची अंमलबजावणी जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. त्यानंतर १५५ विद्यार्थी-तपासनिसांनी ३९१ कंपन्यांची संकेतस्थळे पाहिली, तेव्हा अहवाल १८ ठिकाणीच सापडले. आपली प्रणाली कायद्याच्या कक्षेत येते की नाही हे ठरवण्याची मुभा कंपन्यांनाच असल्याने, अहवाल नसणे म्हणजे कायदा मोडणे असेही त्या विद्यार्थ्यांना म्हणता आले नाही.