वर्गातली अवकाश प्रश्नमंजुषा आणि ‘उपग्रह’ या शब्दाचा घोळ : पार्श्वभूमी

२३ ऑगस्टचा राष्ट्रीय अंतराळ दिन जवळ आला की आमच्याकडं शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अवकाश प्रश्नमंजुषेचे मेसेज सुरू होतात. लिंक, प्रश्नसंच, प्रमाणपत्राचा नमुना, सगळं एका दिवसात. नवीन सरांना वाटतं ही स्पर्धा चांद्रयानानंच आणली, तर तसं नाही. ती आधीपासून होती, फक्त तिला सामान्यज्ञान म्हणायचे.

फार जुनं सांगत बसत नाही. भारताचा पहिला कृत्रिम उपग्रह आर्यभट्ट १९ एप्रिल १९७५, अंतराळात गेलेले पहिले भारतीय राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४, या दोन तारखांवर कितीतरी वर्षं निघाली. स्कॉलरशिपच्या तयारीत सर फळ्यावर लिहून द्यायचे, लेकरं घोकायची, आणि गॅदरिंगला तीन-तीन जणांच्या टीम करून स्टेजवर बसवायचे, बाकी वर्ग खाली सतरंजीवर. मला ही पद्धत कधीच पटली नाही, कारण ते तिघं आधीच ठरलेले असायचे आणि खाली बसलेल्या पोराला उत्तर येत असलं तरी बोलला की ओरडा खायचा. वर्गातच, बाकावार टीम पाडून, सगळ्यांना घेऊन क्विझ घेणं हे बऱ्याच नंतर सुरू झालं आणि माझ्या मते खरी स्पर्धा तिथून सुरू झाली.

उत्तरपत्रिकेवर वाद व्हायला लागले ते प्लूटोपासून. २४ ऑगस्ट २००६ ला खगोलशास्त्रज्ञांच्या प्रागमधल्या बैठकीत त्याला ग्रहांतून काढलं, मराठीत बटुग्रह शब्द आला, पण लेकरांच्या हातातली पुस्तकं काय एका रात्रीत बदलत नसतात. ग्रह किती, तर पेपर वाचणारं पोरगं आठ म्हणायचं आणि पुस्तक पाठ केलेलं नऊ. तेव्हा आमच्या शाळांच्या केंद्रात ठरलं की वाद झाला तर पुस्तकातलं उत्तर धरायचं. निर्णय सोयीचा होता, दुर्गम वाडीवरच्या शाळेत पेपरच येत नाही मग तिथल्या लेकरावर अन्याय नको, असं त्यामागचं म्हणणं, आणि ते म्हणणं खोटं नव्हतं. तरी जे लेकरू स्वतःहून वाचून आलं त्याला चूक म्हणायचं हे मला तेव्हाही जड गेलं.

पण प्लूटोचा वाद चार वर्षांत मिटला. ‘उपग्रह’चा अजून मिटलेला नाही, कारण ती अडचण माहितीची नाही, शब्दाची आहे. आपण चंद्रालाही उपग्रह म्हणतो आणि टीव्ही-हवामानासाठी माणसानं सोडलेल्या इन्सॅटलाही उपग्रहच म्हणतो. पुस्तकात नैसर्गिक आणि कृत्रिम असा फरक दिलाय, पण प्रश्न काढणारे घाईत ते विशेषण गाळतात. पृथ्वीला किती उपग्रह आहेत? उत्तरपत्रिकेत एक. सातवीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, सर हजारो आहेत, टीव्ही कशावर चालतो मग? तिचा गुण कापला. पुढच्याच फेरीत प्रश्न होता भारताचा पहिला उपग्रह कोणता, उत्तर आर्यभट्ट. म्हणजे एका फेरीत शब्दाचा अर्थ एक आणि दुसऱ्या फेरीत दुसरा, आणि नियम सांगतो पुस्तक अंतिम. मग ते लेकरू काय समजणार?

त्यात आणखी एक गाठ आहे. चंद्राला उपग्रह आहे का, याचं छापील उत्तर नाही असं असतं. पण २००८ ला चांद्रयान-१ चंद्राभोवतीच फिरत होतं ना? आणि चांद्रयान-२ चं लँडर २०१९ ला कोसळलं तरी त्याचं ऑर्बिटर चंद्राभोवती फिरतच राहिलं. चांद्रयान-३ चं तर अजून भारी, ज्या भागानं लँडरला चंद्रापर्यंत नेलं तो भाग नंतर परत पृथ्वीभोवतीच्या कक्षेत आणला. आधी चंद्राचा, मग पृथ्वीचा. हे वर्गात सांगितलं तेव्हा लेकरं अशी काही खुलली की तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. काही सर आता ‘गुरूचे चंद्र’, ‘शनीचे चंद्र’ असं म्हणतात, त्यानं बराच घोळ कमी होतो, पण परीक्षेत शब्द उपग्रहच येतो म्हणून पालकांना ते नको असतं.

आणि या चंद्रांचे आकडे तर थांबतच नाहीत. २०१९ ला शनी ८२ वर जाऊन गुरूच्या पुढं गेला, २०२३ च्या फेब्रुवारीत गुरू ९२ झाला आणि पुढं आला, मे महिन्यात शनी १४५, आणि मार्च २०२५ ला २७४. पुस्तक अंतिम म्हणणाऱ्यांनी सांगावं, कुठल्या वर्षीचं पुस्तक?

२०१९ ची गोष्ट थोडक्यात. चांद्रयान-२ च्या वेळी आठवी ते दहावीसाठी देशपातळीवर ऑनलाइन क्विझ झाली, १० मिनिटांत २० प्रश्न, कमीत कमी वेळात जास्तीत जास्त बरोबर तो पुढं, आणि निवडलेल्यांना बंगळुरूला बसून लँडिंग बघायला मिळणार. आमच्याकडं ज्या गावात रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं तिथल्या पोरांनी सेकंदांवर कसं जिंकायचं? लॉकडाऊनमध्ये तर गूगल फॉर्मचा पूरच आला, चाळीस टक्के मिळाले की ईमेलवर प्रमाणपत्र, एका लेकराकडं पंधरा-पंधरा. त्यातून शिकलं किती हे कुणी विचारलं नाही.

मग २३ ऑगस्ट २०२३. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं, चांद्रयान-३ चं लँडर चंद्रावर उतरायची वेळ, शाळा सुटून गेलेली, तरी आमच्या गावात ती परत उघडली, वर्गात टीव्ही लावला, शेतातून आलेले आईबाप दारात उभे. पुढं तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन झाला आणि प्रश्नमंजुषेला कायमची तारीख मिळाली.

आमच्या तालुक्यात काही शाळांनी मिळून आता नियम बदललाय: प्रश्नात नैसर्गिक किंवा कृत्रिम लिहायचंच, आकडा असेल तर वर्ष लिहायचं, आणि टीमनं कारण सांगितलं तर दुसरं उत्तरही धरायचं. २०२५ ला लगेच त्याचा कस लागला. शुभांशु शुक्ला अंतराळात जाणारे पहिले भारतीय का दुसरे? अंतराळात दुसरे, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पहिले. दोन्ही टीमना गुण दिले.