छोटे व्हिडिओ आणि पदवीचा अभ्यास : पार्श्वभूमी

पडद्यावरून शिकणे आपल्याकडे नवे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केली, तेव्हा काय पाहायचे आणि किती वाजता, हे शिकवणारी संस्थाच ठरवत असे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि ही निवड विद्यार्थ्याच्या हाती गेली. त्याच महिन्यात चीनमध्ये टिकटॉकची मूळ आवृत्ती, डोउयिन, बाजारात आली.

खरे वळण २०२० चे. मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली आणि सातारा-सांगलीतल्या मुलांचे वर्ग फोनवर आले. २९ जूनला सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. पण जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची पहिली चाचणी भारतातच घेतली. बंदीने सवय मोडली नाही. उलट ज्या यूट्यूबवर मुले लेक्चर पाहत होती, तिथेच ही सवय येऊन बसली. (बंदी हाच उपाय मानणाऱ्यांनी हे तीन महिने जरूर आठवावेत.)

या व्हिडिओंनी अभ्यासात अडथळा येतो, त्यात दोष केवळ त्यांच्या लांबीचा नाही. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांच्या २०१४ च्या अभ्यासात सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओच विद्यार्थी सर्वाधिक लक्षपूर्वक पाहतात, असे दिसले होते. अडचण आहे ती न मागता पुढ्यात येणाऱ्या पुढच्या व्हिडिओची. म्युनिकमधील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रयोगातल्या सहभागींना कामाच्या मध्ये विश्रांती दिली. त्या वेळात टिकटॉक पाहणाऱ्यांची ‘नंतर अमुक करायचे आहे’ हे लक्षात ठेवण्याची क्षमता स्पष्टपणे घटली, ट्विटर किंवा यूट्यूब पाहणाऱ्यांची तशी घटली नाही.

सांगलीतल्या एखाद्या अभ्यासिकेत याचा अर्थ सहज कळतो. अभियांत्रिकीचा विद्यार्थी एन्ट्रॉपीचे लेक्चर थांबवतो, गणित स्वतः सोडवून मग पुढे बघायचे ठरवतो, मध्ये ‘पाच मिनिटे’ रील्स उघडतो आणि परतल्यावर वही न उघडता थेट लेक्चरच पुढे चालू करतो. एका मिनिटाच्या शॉर्टमधून व्याख्या पाठ होते, पण गणित सुटत नाही, आणि पेपरात गुण असतात ते गणिताच्या पायऱ्यांना.

फोन बाजूला ठेवा, हा सल्लाही आता पुरत नाही. वेळापत्रक, नोट्स, परीक्षेच्या सूचना आणि निकाल, सारे त्याच फोनवर येते.