लिनक्सवरील बहुभाषिक टंकन

लिनक्सवरील बहुभाषिक टंकन : लिनक्स प्रणालीच्या संगणकावर एकाच कळफलकावरून मराठी, कन्नड, उर्दू, संस्कृत, इंग्रजी अशा अनेक भाषांचा मजकूर भरण्याची व्यवस्था. कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटते, म्हणून ही कळफलकाची किंवा फाँटची करामत वाटते. प्रत्यक्षात या दोहोंच्या मध्ये तिसराच एक प्रोग्रॅम बसलेला असतो आणि कोणत्या कळेला फाइलमध्ये कोणता युनिकोड क्रमांक (जगभरच्या लिपींतील प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक) नोंदवायचा हे तो ठरवतो. त्याला इनपुट मेथड म्हणतात. फाँट नंतर बदलता येतो, कळफलक दुकानातून नवा आणता येतो. नोंदवलेला क्रमांक मात्र फाइलीत तसाच राहतो आणि पुढे शोध घेताना, यादी लावताना आडवा येतो.

सातारा जिल्ह्यात हे समजावून सांगायला एक गाव पुरते : कऱ्हाड. ‘कराड’ लिहिणाऱ्यांची या कटकटीतून सुटका झाली आहे. बाकीच्यांनी काय टंकले यावर पुढचे सगळे अवलंबून असते. साधा र घेऊन त्याचा पाय मोडला आणि पुढे ह दिला, तर रफार चढतो आणि गावाचे नाव बिघडते. मराठीला इथे आडवी रेघ असलेला अर्धा र हवा असतो. तो दोन वाटांनी मिळतो. एक, नुक्त्याचा ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साधा र, पायमोड आणि त्यापुढे २००डी क्रमांकाचा, डोळ्यांना न दिसणारा जोडक. छापल्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत आणि युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक मानण्याच्या) नियमांतही ते एक होत नाहीत. एका पतसंस्थेच्या सभासद-यादीत कऱ्हाडकरांचे असे दोन गट पडलेले प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. यादी दोघांनी दोन पद्धतींनी भरलेली होती. गावाचे नाव टाकून शोधले की एक गट सापडे, दुसरा गायब. चार दिवस सगळे फाँटवर खापर फोडत होते.

हा अर्धा र केवळ एका गावाचा हट्ट नव्हे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. रफार चुकून चढला, तर कास पठाराखालच्या दऱ्यांना भरती येते. ‘ॲ’चेही असेच. वकिलांच्या पाटीवरच्या ‘ॲड.’मधल्या या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक (०९७२) मिळाला तो २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी अ घेऊन त्यावर चंद्र ठेवत. तेव्हाचा मजकूर आजही जागोजागी आहे, आणि नव्या ‘ॲ’ने शोधल्यास तो हाती लागतो याचा भरवसा नाही.

कळांची मांडणी : भारतीय लिपींसाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी तेव्हाच्या केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवली, १९८८ मध्ये सुधारली आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात ती आली. तिच्यात स्वर आणि काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे असतात. ‘सातारा’ टंकून पाहावे : इंग्रजी कळांच्या भाषेत एम, ई, एल, ई, जे, ई. उजवा, डावा, उजवा, डावा. हात आळीपाळीने चालतात आणि काना तिन्ही वेळा एकाच बोटाखाली येतो. ‘सांगली’त (एम, ई, एक्स, आय, एन, आर) ही लय काना-अनुस्वारापाशी आणि ग-लपाशी मोडते, तरी शब्द सहा कळांत संपतो. कऱ्हाडचा नुक्त्याचा ऱ शिफ्ट धरून जे दाबल्यावर मिळतो, म्हणून इनस्क्रिप्ट शिकलेल्या माणसाकडून गावाचे नाव सहसा बिघडत नाही. रोमन पद्धतीने (इंग्रजी अक्षरांत उच्चार टंकून मराठी उमटवत) लिहिणाऱ्याच्या बोटांना आर-एच हीच जोडी सुचते आणि रफार चढतो.

उतारवयात संगणकाकडे वळलेले टंकलेखक मात्र टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी सोडायला तयार नसतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. हातात मुरलेली गती कोण टाकून देईल? अडचण वेगळीच आहे. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारतात, अक्षर मागून. युनिकोडमध्ये क्रम उलटा असतो : आधी व्यंजन, मग वेलांटी. म्हणून रेमिंग्टन चालवणाऱ्या इनपुट मेथडला वेलांटी हातात धरून थांबावे लागते आणि व्यंजन आले की दोन्ही उलट क्रमाने सोडावी लागतात. याला स्मरणशक्ती लागते.

कळनकाशा आणि इंजिन : लिनक्सवर मराठी दोन थरांवर मिळते आणि स्मरणशक्तीचा हा मुद्दा त्या दोहोंतला फरक दाखवतो. खालचा थर एक्सकेबी. तो निव्वळ नकाशा आहे : ही कळ, हे चिन्ह. मागची कळ कोणती होती हे त्याला आठवत नाही. वरच्या थरावर मागच्या कळा लक्षात ठेवणारी इंजिने असतात आणि त्यांतले भारतीय भाषांसाठी सर्वांत उपयोगी म्हणजे एम१७एन. जपानच्या एआयएसटी या संशोधनसंस्थेतून ही सॉफ्टवेअर लायब्ररी आली. नावाची फोड गमतीची आहे : ‘मल्टिलिंग्वलायझेशन’ या इंग्रजी शब्दाचे पहिले व शेवटचे अक्षर आणि मधल्या अक्षरांची संख्या.

साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे नाव दोन्ही थरांवर टंकल्यास फरक बोटांना कळतो. एम१७एनच्या इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ७ म्हणजे क्ष आणि शिफ्टसह ६ म्हणजे त्र. मध्ये मात्रा दिली की तीन ठोक्यांत ‘क्षेत्र’ तयार. एक्सकेबीत एका कळेला एकच चिन्ह देता येते आणि क्ष तर तीन क्रमांकांचा बनतो. त्यामुळे क, पायमोड, ष, मात्रा, त, पायमोड, र असे सात ठोके पडतात. फाइलीत उतरणारा मजकूर दोन्हीकडे तोच. पुसतानाही हे सात क्रमांक जाणवतात : बऱ्याच प्रोग्रॅममध्ये बॅकस्पेस अख्खे जोडाक्षर न पुसता शेवटचा क्रमांक तेवढा पुसते. नवशिक्याला हा दोष वाटतो. चुकलेली एक वेलांटी बदलण्यासाठी अख्खे अक्षर पुन्हा टंकावे लागत नाही, हे लक्षात आले की तक्रार थांबते.

बसवणी : इंजिन आणि बाकीचे प्रोग्रॅम यांच्यात निरोपांची ने-आण करणारी चौकट वेगळी असते. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स विंडो प्रणालीतली एक्सआयएम ही जुनी चौकट. मग स्किम आले. फेडोरा या लिनक्स-वितरणाच्या २००९ मधल्या ११ व्या आवृत्तीपासून तिथे आयबस आले आणि २०१२ मध्ये जीनोम या डेस्कटॉपच्या ३.६ आवृत्तीने त्याला थेट स्वतःत सामावून घेतले. केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांचा कल फसिटिक्स या चौकटीकडे असतो. उबुंटू या लिनक्स-वितरणाच्या नेहमीच्या आवृत्तीत ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज बसवावे, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे, सेटिंग्जमध्ये कीबोर्डखालच्या इनपुट सोर्समध्ये मराठी जोडावी. मग सुपर कळ (विंडोजचे चित्र असलेली) आणि स्पेस यांनी भाषा बदलते. यादीत मराठी दोनदा दिसली तर गोंधळू नये. नावापुढे एम१७एन लिहिलेली ती इंजिनाची, दुसरी एक्सकेबीची.

ब्राउझरमध्ये मराठी उमटते आणि शेजारच्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजीच येते, ही या बसवणीतली नेहमीची अडचण. त्या प्रोग्रॅमला कोणत्या चौकटीशी बोलायचे ते ठाऊक नसते. जीटीके, क्यूटी (प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणे काढणारी दोन साधने) आणि एक्सआयएम या तिघांसाठी तीन पर्यावरण-चल (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो त्या नोंदी) असतात आणि जुन्या एक्स सत्रात ते तिन्ही एकाच चौकटीकडे बोट दाखवत आहेत ना, हे आधी पाहावे. डेबियनकुळातल्या (उबुंटूसारख्या) वितरणांत ‘आयएम-कॉन्फिग’ हे काम करते. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडच्या सत्रात हा निरोप वेगळ्या प्रोटोकॉलने जातो, तेव्हा जुन्या लेखांतले चल डोळे झाकून चिकटवले तर चालणारेही बंद पडू शकते. टर्मिनलमध्ये जोडाक्षरे विस्कटलेली दिसली तर इनपुट मेथडला दोष देऊ नये. अक्षरे जुळवून दाखवणे तिचे काम नव्हे. मराठी वळणाचे ल आणि श न दिसता हिंदी वळणाचे दिसणे हाही फाँटचा आणि मजकुराला लावलेल्या भाषेच्या खुणेचा प्रश्न आहे.

शेजारच्या लिपी : सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात कन्नड बोलणारी गावे बरीच. लग्नपत्रिका दोन्ही भाषांत छापायची तर टंकणाऱ्याला दुसरी मांडणी शिकावी लागेल असे वाटते. इनस्क्रिप्टवर ती फारशी लागत नाही. मराठी क ज्या कळेवर, कन्नड क त्याच कळेवर. भाषा बदलायची आणि हात तसाच चालू ठेवायचा. खाच एकच : कन्नडात ए आणि ओ यांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन-दोन प्रकार आहेत. मराठी मात्रेच्या कळेवर (एस) कन्नड दीर्घ ए येतो. ऱ्हस्व ए डाव्या कोपऱ्यात झेडवर असतो. बेळगावीच्या कन्नड नावातला पहिला स्वर ऱ्हस्व आहे, म्हणजे मराठी हाताने टंकलेले हे नाव हमखास चुकणार. कर्नाटकात शिकलेला माणूस मात्र इनस्क्रिप्ट नाकारून कगप मांडणी मागतो. कन्नड गणक परिषदेच्या नावाने ओळखली जाणारी तीही लिनक्सवर आहे. मिरजेत उर्दू लिहिणाऱ्यांसाठी उर्दूची ध्वन्यात्मक पद्धत मिळते. वाई हे मराठी विश्वकोशाचे आणि प्राज्ञपाठशाळेचे गाव. तिथल्या वैदिक संस्कृतात अक्षराखालची अनुदात्ताची (खालच्या स्वराची) आडवी रेघ लागते. युनिकोडने तिला देवनागरीतच जागा दिली आहे (०९५२) आणि आणखी स्वरचिन्हांसाठी २००९ मध्ये ५.२ आवृत्तीत वेगळा विभाग जोडला.

स्वतःची पद्धत लिहिणे : एम१७एनचा खरा फायदा इथे आहे. प्रत्येक पद्धत म्हणजे एक साधी मजकूर-फाइल. पहिल्या भागात भाषेचे व पद्धतीचे नाव, मधल्या भागात कंसांतल्या जोड्या (डावीकडे कळा, उजवीकडे अक्षरे) आणि शेवटी या जोड्या कोणत्या अवस्थेत वापरायच्या ते. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही तयार फाइलीची नक्कल करून उजवी बाजू बदलता येते. ‘के’ आणि ‘केएच’ अशा दोन जोड्या असल्या, तर इंजिन क अधोरेखित करून थांबते; एच आला तर ख, दुसरे काही आले तर क पक्का. कऱ्हाडचा प्रश्नही इथेच सुटतो : आर-एच या जोडीसमोर नुक्त्याचा ऱ, पायमोड आणि ह लिहून ठेवले की रोमन पद्धतीनेही गाव बरोबर येते. मग ‘अर्हता’ टंकायची पंचाईत होते, तिच्यासाठी वेगळी जोडी द्यावी लागते.

मोडीसाठी हाच मार्ग घेता येतो. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० आवृत्तीत ११६०० ते ११६५एफ ही जागा मिळाली. नोटो सान्स मोडी हा मोफत फाँट आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली, आणि वाचलेले मोडीतच उतरवून ठेवायचे तर टंकन लागतेच. मराठी इनस्क्रिप्टची फाइल घेऊन प्रत्येक देवनागरी अक्षराजागी मोडी अक्षर ठेवले की मूळ काम दुपारभरात होते. काना-मात्रांपाशी विचार करावा लागतो. जुन्या लेखनात ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळलेला नसतो, युनिकोडमध्ये मात्र दोन्हींना वेगळे क्रमांक आहेत. दोन्ही कळांना एकच वेलांटी दिली तर पुढे शोध सोपा जातो. वेगवेगळ्या दिल्या तर एकाच दस्तऐवजाच्या दोन नकला जुळत नाहीत, आणि हे पुन्हा कऱ्हाडचेच दुखणे झाले.

फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करून घरच्या फोल्डरातील एम१७एनच्या लपलेल्या फोल्डरात ठेवायची आणि आयबस पुन्हा सुरू करायचे. नवी पद्धत यादीत दिसली नाही तर आधी कंस मोजावेत. एक कंस कमी पडला की कसलीही सूचना न देता ती फाइल वगळली जाऊ शकते.